कुंदाताई, इथे कावळे नाहीत

कुंदाताई, तू सध्या माझ्या गॅरेजमध्ये आहेस. रागावू नकोस. अस्थी घरात आणायच्या नाहीत, बाहेर झाडाला टांगून ठेव, असं तुझ्या भावानं, आप्पांनी, मिरजेहून फोनवर बजावलं होतं. वेलिंग्टनच्या या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या वाऱ्यात झाडाला काय टांगणार? इथे दोरीवरचे टॉवेल शेजारच्या छपरावर सापडतात. म्हणून मग गॅरेज. शेल्फवरचे रंगाचे डबे खाली काढले, फडकं मारलं आणि तुला तिथे ठेवलं. राख प्लॅस्टिकच्या करड्या डब्यात मिळाली. त्यावर तुझं नाव चिकटवलंय आणि आडनावाचं स्पेलिंग चुकलंय. तू असतीस तर परत जाऊन दुरुस्त करून आणायला लावलं असतंस. समोरच्या भिंतीवर तुझाच कॅनडाचा नकाशा आहे, त्यामुळे तुला फार परकं वाटू नये.

तुला कुठे पोचवायचं हे ठरवायची पाळी माझ्यावर आली आहे. चहात आलं किती घालावं इथपासून न्यूझीलंडच्या सरकारनं काय करावं इथपर्यंत तुझं प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते तू न विचारता द्यायचीस. नेमकं या एका बाबतीत तू काही बोलली नाहीस. हॉस्पिटलात मी विषय काढायला म्हणून आलो की तू माझ्या मुलीच्या, इराच्या शाळेचं विचारायचीस. मीही मग शाळेचंच सांगायचो.

आप्पांचं म्हणणं सरळ आहे. वाहत्या पाण्यात सोड. त्यांना मी सांगितलं की इथे कृष्णा नाही, तर म्हणाले, नदी म्हणजे नदी. एरवी मी त्यांच्याच बाजूचा. मी या भागाच्या पाणीपुरवठ्यात काम करतो, कुठल्या वळणावर ओढ किती आणि सकाळी कुठे चिटपाखरू नसतं, हे मला पाठ आहे. अर्ध्या तासाचं काम. पण डबा उचलायला गेलो की तुझा आवाज कानात येतो, आणि तो आवाज भांडणाचा असतो.

आपली ओळखच भांडणातून झाली. २०११ मध्ये तू कॅनडातून इथे आलीस, शेजारच्या पोरिरुआच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून. पन्नाशी उलटल्यावर लोक परत जायचं बघतात, तू तिसरा देश धरलास. गणपतीच्या कार्यक्रमात हॉलच्या खिडकीशी उभी होतीस आणि मी शेजारी येऊन उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. तू मला विचारलंस, या टेकडीचं नाव काय? मी म्हटलं, हे जॉन्सनव्हिल. तू म्हणालीस, ते कळलं, जॉन्सनच्या आधीचं सांग. मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी पाइपलाइन बघतो. त्यावर तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही मी जेवून हात न धुता उठलोय. दहा मिनिटांनी मला दम भरलास की मला तुम्ही म्हणू नकोस, म्हातारी झाल्यासारखं वाटतं. तेव्हापासून तू ताई आणि मी नित्या.

मग मुलांच्या शनिवारच्या मराठी वर्गाला हॉल मिळेना म्हणून माझं गॅरेज दिलं, आणि तू भिंतीवर हा नकाशा ठोकलास. मी म्हटलं, मराठीच्या वर्गाला महाराष्ट्राचा नकाशा लावावा. तू म्हणालीस, महाराष्ट्राचं त्यांना आजी-आजोबा सांगतात, मी मला जे माहीत आहे ते मराठीतून सांगणार. त्यामुळे जॉन्सनव्हिलच्या डझनभर पोरांना आज कोयना कुठे आहे ते सांगता येत नाही, पण कॅनडाच्या उत्तरेतलं ग्रेट स्लेव्ह सरोवर डोळे मिटून दाखवता येतं. सांगली, कोल्हापूर आणि सातारा हे तीन जिल्हे त्यात बुडतील, असं तू सांगायचीस. पोरांना ते तीन जिल्हे माहीत नसल्यामुळे याचा फारसा उपयोग व्हायचा नाही, पण आम्हा मागे बसलेल्या आईबापांचे डोळे मोठे व्हायचे.

त्या सरोवराच्या काठच्या एका छोट्या गावात तू नऊ वर्षं काढलीस. रस्ता नाही. उन्हाळ्यात बोट किंवा विमान, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून मोटारस्लेज. दवाखान्यात तू आणि आणखी एक नर्स, डॉक्टर अधूनमधून विमानानं यायचा. जूनमध्ये रात्री अकराला पोरं बाहेर खेळतायत आणि डिसेंबरमध्ये दुपारच्या जेवणानंतर अंधार. मिरजेच्या मुलीला हे कसं जमलं, असं कुणी विचारलं की तू म्हणायचीस, थंडीचं काही नाही रे, कपडे असतात, मला पहिले दोन महिने गप्प बसायला शिकणं जड गेलं. तिथले मूळचे डेने लोक पाहुण्याला लगेच प्रश्न विचारत नाहीत. येऊन बसतात, चहा पितात, उठून जातात. तू म्हणे रोज वाट बघायचीस की आता बोलतील. यावर एरवी तुझ्यापुढे जरा दबून असणारी माझी बायको अश्विनी इतकी हसली होती, की त्या दिवसापासून तिचीही तू ताई झालीस.

मी एकदा नकाशाकडे बघून सहज म्हणालो की वरचा निम्मा देश रिकामाच आहे की. तू मुलांसमोर काही बोलली नाहीस. वर्ग संपल्यावर मला गॅरेजमध्ये थांबवून घेतलंस. म्हणालीस, रिकामा या शब्दापासूनच सगळं सुरू झालं. आलेल्यांनी नकाशावर मोकळी जागा बघितली आणि नावं घालत सुटले. ज्या नदीला नकाशा मॅकेन्झी म्हणतो तिला तिथली माणसं डेह चो म्हणतात, मोठी नदी. सरोवरालाही त्यांचं नाव तेवढंच साधं, मोठं पाणी. कुठल्या खडकाआड मासे मिळतात, कुठल्या वाटेनं कॅरिबू, म्हणजे तिकडची मोठी हरणं, शरद ऋतूत खाली उतरतात, कुठे आजी बाळंत झाली, सगळ्याला नाव आहे. मी म्हटलं, बरं बाई, चुकलं. तू म्हणालीस, चुकलं म्हणू नकोस, मुलांना पुढच्या शनिवारी तूच सांग. आणि मला सांगायला लावलंस.

दुसरं भांडण मात्र असं लवकर मिटलं नाही. इरा तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. मी वैतागून म्हणालो, आपल्या पोरांचंही तेच झालं, त्या तुझ्या डेने लोकांसारखं, भाषा गेली. त्याच सुमारास कॅनडातल्या चौकशी आयोगाचा, आदिवासी मुलांच्या निवासी शाळांवरचा अहवाल आला होता आणि तू रात्ररात्र लॅपटॉपवर तो वाचत होतीस. तिकडच्या दवाखान्यात तुझ्याकडे एक म्हातारी ब्लडप्रेशर तपासायला यायची. ती सहा वर्षांची असताना शरदात विमान आलं आणि गावातली मुलं भरून घेऊन गेलं. शाळेत तिच्या भाषेत बोललं की मार. केस कापले, नाव बदललं. ती परत आली तेव्हा आजीशी बोलायला तिच्याकडे शब्द नव्हते, दोघी एकमेकींकडे बघत बसायच्या. ही गोष्ट तिनं तुला कितीतरी महिन्यांनी सांगितली, हाताला पट्टा बांधलेला असताना, आणि तू आकडा लिहायचा विसरलीस.

हे सगळं सांगून तू म्हणालीस, "आपण आपल्या पायांनी आलो, नित्या. विमानाचं तिकीट आपण काढलं. त्यांची मुलं नेली. दोन्हीला एकच शब्द वापरू नकोस."

मला ते पटलं आणि पटलं नाही. तुझं खरं होतं, पण माझंही दुःख काही खोटं नव्हतं. माझी आई व्हिडिओ कॉलवर नातीशी बोलते आणि मध्ये मी दुभाषी म्हणून बसतो. माझी मुलगी कुणी पळवली नाही हे मान्य, पण आजी आणि नात एकमेकींकडे बघत बसतात हे माझ्या घरातही होतं. हे मी तुला तेव्हाही म्हणालो. तू म्हणालीस की मग तू इराशी मराठीत बोल, तुला कुणी मारणार नाहीये. मला राग आला. त्यानंतर दोन शनिवार मी गॅरेज उघडून दिलं आणि वर जाऊन बसलो. मग तूच थर्मास घेऊन वर आलीस. त्या विषयाचं पुढे काय झालं? काहीच नाही. तो तसाच राहिला आणि आपण चहा प्यायलो.

तुझी फजिती झाली ती गोष्ट मात्र मी अजून सगळ्यांना सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, त्यामुळे इथेही सांगतो, तू कितीही कपाळावर आठ्या घाल.

तिकडे तुला सवय लागली होती की बोटीत बसायच्या आधी पाण्याला काहीतरी द्यायचं. चिमूटभर तंबाखू, नाहीतर थोडा चहा. मोठ्या पाण्यावर आपण पाहुणे आहोत, रिकाम्या हाताने जायचं नाही, असं त्या म्हातारीनं शिकवलं होतं. इथे आल्यावर तू तंबाखूची छोटी पुडी पर्समध्ये ठेवायला लागलीस. नवीन ओढा दिसला की चिमूट सोडायची. आम्हाला वाटायचं, वा, काय जाण आहे. मग एकदा दवाखान्याच्या लोकांबरोबर फिरायला गेलीस आणि तुमच्याकडे काम करणाऱ्या मेरेनं ते बघितलं. मेरे माओरी, त्याच भागातली, घरोघर जाऊन लोकांना तंबाखू सोडायला लावणं हेच तिचं काम. तिनं तुला सगळ्यांसमोर विचारलं की मी सबंध आठवडा लोकांच्या हातातली तंबाखू काढून घेते आणि तू नर्स असून ती आमच्या ओढ्यात टाकतेस? तू तिला उत्तरेतल्या लोकांचं सांगायला लागलीस. ती म्हणाली, ते त्यांच्या पाण्याचं झालं. या पाण्याचं या पाण्याच्या माणसांना विचारायचं. आमच्याकडे पाण्यात असलं काही टाकत नाहीत.

त्या संध्याकाळी तू आमच्याकडे येऊन बसलीस ती चेहरा पाडून. एका लोकांकडून शिकलेली रीत दुसऱ्या लोकांच्या दारात नेऊन ठेवली, दोघंही आदिवासी म्हणजे एकच असं धरून चालले, म्हणालीस. माझी तर करमणूक झाली होती, कारण मला एका टेकडीच्या नावावरून झापणारी बाई स्वतः झापून घेऊन आली होती. पण तू पुढच्या आठवड्यात मेरेकडे डबा घेऊन गेलीस, पुरणपोळीचा, आणि त्यानंतर तुम्ही दोघी जवळजवळ रोज दुपारी एकत्र जेवायला लागलात. दोन्हीकडच्या तहांवर बोलायचात म्हणे. तिकडे सरकारनं तोंडी सांगितलं की जमीन वाटून घेऊ आणि कागदावर लिहिलं की जमीन दिली. इथे इंग्रजांनी माओरींशी केलेल्या वाइटांगीच्या तहाचा माओरीत एक अर्थ, इंग्रजीत दुसरा. तू म्हणायचीस, आम्ही दोघी बसलो की दोन्ही सरकारांना उचक्या लागत असतील.

आता नदीचं. २०१७ मध्ये वांगानुई नदीला कायद्यानं माणसासारखे हक्क मिळाले तेव्हा मी ऑफिसातून येताना तुझ्याकडे थांबलो आणि म्हटलं, चला, आता नदीला पॅन कार्ड काढून देऊ. तू हसली नाहीस. कुणीतरी तुला सांगितलं होतं की आपल्यातली माणसं अस्थी घेऊन माझ्याकडे येतात, कुठे सोडू विचारतात, आणि मी वळणं सुचवतो. घाटावरचा भटजी झालायस तू, म्हणालीस. मी म्हटलं, मग काय करावं त्यांनी? तिकीट काढून नाशिकला जावं? राखेत असतं काय, कॅल्शियम आणि फॉस्फेट, एवढ्या पाण्यात त्याचा पत्ताही लागत नाही. हे मी आजही म्हणतो. रसायनशास्त्र काही तुझ्या-माझ्यासाठी बदलत नाही.

तू म्हणालीस, प्रश्न राखेत काय आहे हा नाही. ज्या पाण्यातून ही माओरी माणसं खातात-पितात त्यात मेलेल्या माणसाचं काही जाऊ नये, हा त्यांचा नियम आहे, आणि तुला तो माहीत आहे. मग मी विचारलं, कृष्णेत सोडताना तुझ्या घरच्यांनी कुणाला विचारलं होतं? तू म्हणालीस, तिथं आपण घरचे. मी म्हटलं, आणि इथे? मी इथला नागरिक आहे, मत देतो, या गावाला पाणी मी पाजतो.

"म्हणून तर तू विचारायला पाहिजेस," तू म्हणालीस. "पाणी पाजणाऱ्यानंच नाही विचारलं तर कोण विचारणार?"

मी गाडीत जाऊन बसलो. खरं सांगायचं तर तुझ्या या सवयीचा मला भयंकर कंटाळा यायचा. माणसानं एखादं वाक्य साधं वाक्य म्हणून बोलावं, तू त्याला हुक लावून ठेवायचीस. त्यानंतर कुणी अस्थी घेऊन आलं की मी तुझ्याकडे पाठवायचो. तू त्यांना मेरेकडे न्यायचीस. काही जण जायचे, काही जण परस्पर सोडून यायचे. आपण दोघं त्यावर पुन्हा बोललो नाही.

मग या वर्षी तुझा आजार निघाला आणि उन्हाळा संपायच्या आत तू गेलीस. त्याबद्दल मला इथे काही लिहायचं नाही. तू नर्स होतीस, तुला पहिल्याच रिपोर्टला कळलं होतं, आणि आम्हाला कळावं म्हणून तू बराच धीर धरलास.

दहाव्या दिवसाचं सांगतो. आयटीत काम करणारा आणि सवडीनं भटजीपण करणारा आपला विनायक आला, मागच्या अंगणात मांडलं. अश्विनीनं भात शिजवला, पिंड केला, पाटावर ठेवला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. आणि मग माझ्या लक्षात आलं की कशाची वाट बघतोय. कावळा शिवायला पाहिजे आणि वेलिंग्टनला कावळे नाहीत. इतकी वर्षं इथे राहून हे मला कधी जाणवलं नव्हतं. तुझ्या उत्तरेत म्हणे ढिगानं असतात, कोंबडीएवढे, दवाखान्याचा कचरा उघडून बसायचे. विनायकनं पिशवीतून दर्भाचा कावळा काढला. शास्त्रात आहे म्हणाला, चालतं. मी म्हटलं, दर्भाच्या कावळ्याला नाही म्हणता येत नाही, मग त्याच्या हो म्हणण्याला काय अर्थ? विनायकनं माझ्याकडे दमलेल्या नजरेनं बघितलं. त्याला दोन वाजता मीटिंग होती.

तरी रीत म्हणून आम्ही एकेक करून पुढे होऊन बोललो. अश्विनी म्हणाली, तुमचं घर मी आवरेन, तुमच्या साड्या नीट वाटेन. इरा आता तेरा वर्षांची आहे. तिला वाटलं होतं की इंग्रजीत बोललेलं चालेल का म्हणून मला विचारावं, आणि मग काही न विचारता तीच पुढे गेली. म्हणाली, "कुंदा आत्या, शनिवारचा वर्ग मी चालवीन. मला तुझ्याएवढं येत नाही." मराठीत. तुला ऐकू गेलं असेल तर बरं, नाहीतर मी इथे लिहून ठेवतो आहे.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणणार होतो, की तुला नदीत सोडतो, आप्पांची तशी इच्छा आहे. तोंड उघडायच्या आत एक सीगल खाली आला आणि अख्खा पिंड घेऊन गेला. विनायक म्हणाला, झालं, शिवला. मी म्हटलं, अरे, तो चिप्सलाही शिवतो. अश्विनीला हसू आवरेना आणि मग तिला रडू आवरेना. मी मात्र तिथेच अडकलो. मिरजेला असतो तर कावळ्यानं सांगितलं असतं की तुझ्या मनात काय आहे. मनातलं बोलेपर्यंत तो आला नसता, आम्ही एकेक कबूल करत गेलो असतो आणि कुठल्यातरी गोष्टीला तो उतरला असता. इथे सांगणारं कुणीच नव्हतं. म्हणजे मग माणसांनाच विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दवाखान्यात गेलो. मेरेनं मला बसवून घेतलं आणि बराच वेळ आम्ही तुझ्याबद्दल काहीच बोललो नाही. तिनं माझ्या आईची चौकशी केली, गाव कुठलं, गावची नदी कुठली ते विचारलं. मी कृष्णा म्हणालो, तर तिनं ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मग मी विचारलं. मला वाटलं होतं की ती लगेच नाही म्हणेल, पण ती म्हणाली की हे मी एकटीनं सांगायचं नाही, आमच्या काकांना विचारून सांगते. आठवडाभर फोन नाही. आप्पांचे मात्र रोज फोन. अजून सोडलं नाहीस? तुला वेळ नाही काय? तिचं काही अडून राहिलं असेल. आप्पा एरवी गोड बोलणारा माणूस, पण त्यांचा आवाज चिडका झाला होता आणि मला तो ऐकवेना.

शुक्रवारी मेरे स्वतःच घरी आली. काका बरोबर होते, काठी टेकत, किया ओरा असा त्यांचा नमस्कार करून गॅरेजमध्ये शिरले आणि डब्यासमोर उभे राहून त्यांच्या भाषेत बराच वेळ काहीतरी म्हणाले. मला एक शब्द कळला नाही, पण त्यात तुझं नाव होतं, आणि कृष्णाही होती. मग मेरे मला म्हणाली, "पाण्यात नको. तिला जमिनीत ठेवा, आणि कुठे ठेवलंत ते सगळ्यांना माहीत असू दे. माणसांना येऊन रडायला जागा लागते." टेकडीवरच्या स्मशानभूमीत राखेसाठी जागा मिळते, ती बघायला बरोबर येते म्हणाली. काकांनी चहा घेतला. जाताना त्यांनी मला या टेकडीचं जॉन्सनच्या आधीचं नाव सांगितलं. मी नीट म्हणायला शिकलो आहे, पण ज्याला सांगायचं ते माणूस आता नाही.

राहिले आप्पा. हे त्यांनाही सांगायचं होतं. तुझं आणि त्यांचं काय होतं ते तू कधी नीट सांगितलं नाहीस, पण दर रविवारच्या फोनच्या शेवटी तू म्हणायचीस, आप्पा, एकदा येऊन जा रे, आणि पलीकडून काय यायचं ते मला तुझ्या चेहऱ्यावर दिसायचं. कॅनडात नऊ वर्षं, इथे आठ. ते आले नाहीत. बहीण इतकी लांब गेली हे त्यांना पटलं नव्हतं, आणि आपण गेलो तर ते पटवून घेतल्यासारखं होईल, असं काहीतरी असावं. तू मला एकदाच म्हणालीस की त्यानं माझं घर बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग लगेच कपबशा उचलल्यास.

मी फोन केला आणि सगळं सांगितलं. मेरे, काका, पाण्याचा नियम. जमिनीत ठेवायचं म्हणतायत, असं म्हणालो आणि थांबलो.

मग आप्पा म्हणाले की आपल्यात तान्ह्या बाळाला पुरतात आणि संन्याशाला. मी म्हटलं, हो, माहीत आहे. ते म्हणाले, कुंदा दोन्ही नव्हती. मी गप्प बसलो. तिकडच्या लोकांत तू शिकलेलं गप्प बसणं मला त्या दिवशी पहिल्यांदा जमलं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, वर दगड लावतात काय? मी म्हटलं, लावतात, नाव लिहितात. त्यांनी विचारलं, मराठीत चालतं? मी म्हटलं, चालेल, मी बघतो. आमच्या घरात कुणाचंच नाव दगडावर नाही, ते म्हणाले, आईचं नाही, वडिलांचं नाही, सगळी पाण्यात गेली.

"म्हणजे ती तिथंच असणार," आप्पा म्हणाले. "जाऊन बघता येईल."

मी हो म्हटलं.

"मग मी आल्याशिवाय ठेवू नको. गुडघ्याचं बघून घेतो, पासपोर्ट काढतो. पोराला लावतो व्हिसाच्या मागं. वेळ लागंल, थांबशील न्हवं?" आणि मग, मी काही बोलायच्या आत, आवाज एकदम खाली आणून ते म्हणाले, "तिला सांग."

मी विचारलं नाही की कसं सांगू. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उभा राहून मी खूप रडलो, तू गेलीस त्या दिवशी रडलो नव्हतो तेवढा. अश्विनी आली, तिला धड सांगताही येईना. मग इथे येऊन बसलो आणि लिहायला घेतलं, कारण दुसरा काही मार्ग मला सुचला नाही. आपली भांडणं, तंबाखू, सीगल हे सगळं वाटेत येत गेलं. निरोप एवढाच होता.

कुंदाताई, आप्पा येतायत.